लसीच्या डब्यातल्या माहेरवाशिणी

मी एक जुना लसीचा डबा आहे. निळा, चौकोनी, एका बाजूची कडी तुटलेला आणि स्वभावाने पक्का संशयी. मित्रांनो, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं माझं झालं आहे.

कारखान्यात माझ्या भिंतींत फेस भरून मला थंडी धरायला शिकवलं गेलं. पुढे एका नर्सबाईंच्या खांद्यावरून मी गल्लीबोळ हिंडलो. फ्रीजरमधला आइसपॅक तसाच माझ्यात ठेवला, तर लस गोठून वाया जाते. म्हणून बाई तो आधी बाहेर ठेवत, मग कानाशी नेऊन हलवत. बर्फ थोडा सुटून आतलं पाणी वाजलं, तरच मला भरत. मुलं मला पाहून भोकाड पसरत, त्यांच्या आया मात्र दुवा देत.

एकदा माझ्यातून एक औषध गेलं. त्याचा केवढा गाजावाजा! पण गुण काही आला नाही आणि पुढे त्याचं नावही कुणी काढलं नाही. माझा विश्वास उडाला तो तेव्हा. मग नवे डबे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, बादल्यांशेजारी झाली.

एके दिवशी प्रयोगशाळेतला महागडा डबा ऐन वेळी बिघडला आणि डॉक्टरांनी मला धुऊन वर नेलं. तिथे मांडीला पट्टी बांधलेली एक बाई बसली होती. तिच्या आईला विसरण्याचा आजार होता.

"तुमच्या स्नायूतून काढलेल्या तंतुकणिका या बाटलीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या. आईच्या मेंदूतल्या थकल्यात. या तर मुळात आईकडूनच येतात. माहेरी निघाल्यात म्हणा ना!"

"पण गुण येईल ना?"

"खात्री नाही. म्हणून तर चाचणी. आणि लवकर द्यायला हवं, नाहीतर या निकामी होतील."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माहेर म्हणे! गोड बोलणं मी खूप ऐकलं होतं.

त्या बाईने, म्हणजे आजारी आईच्या या मुलीने, आइसपॅक उचलला, कानाशी नेऊन हलवला, थोडा वेळ थांबली, पुन्हा हलवला आणि मगच माझ्यात ठेवला. मी दचकलो. ही लकब माझ्या ओळखीची होती.

खोलीत आई खाटेवर बसली होती. मुलीला पाहताच ती ओरडली, "आली परत ही बाई! हिनेच माझं घड्याळ लांबवलं. आता विष आणलं असेल!"

घड्याळ तिच्याच मनगटावर होतं. पण तो आवाज! माझ्या नर्सबाईच होत्या त्या.

"त्या नको म्हणाल्या, तर मी सुई लावणार नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. मुलीचे डोळे भरून आले. आपल्या मांडीचा तुकडा आणि सगळी आशा वाया जाणार, हे तिला दिसत होतं. मलाही पहिल्यांदाच माझी शंका नकोशी झाली.

तेवढ्यात बाईंची नजर माझ्यावर पडली. "हा इथे कसा?" असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं, आइसपॅक काढून कानाशी हलवला. पाणी वाजलं.

"डबा कुणी भरला?"

"मी," मुलगी म्हणाली.

"कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या आईने."

"शहाणी दिसते तुझी आई," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाही वर केली. सुई टोचताना त्यांनी मुलीचा हात मात्र घट्ट धरला होता.

गुण आला का? मित्रांनो, मला ठाऊक नाही. मी पुन्हा जिन्याखाली आलो. औषधाचा गाजावाजा झाला, की माझ्यासारखी शंका जरूर घ्या. पण घरातलं कुणी तुम्हाला चोर म्हणालं, तर घड्याळावरून वाद घालू नका. जवळ बसा. त्यांनीच शिकवलेलं एखादं काम त्यांच्यासमोर करा.

आणि जमलं तर माझी कडी तेवढी बसवा. अजून थंडी धरतो मी.