सतरा नंबरचं अक्षर

दत्ताराम केळुसकर प्रोफेसर झाले, तरी लालबागच्या चाळीत ते मास्तरच होते. गणकयंत्राला माणसाचं अक्षर ओळखायला शिकवायचं, हे खूळ त्यांनी डोक्यात घेतलं होतं. चाळीतल्या साठ जणांकडून त्यांनी एकेक पान लिहून मागवलं, पानांना नंबर दिले. अक्षरांची उंची, कल, वळण मदतनीस मोजायचा आणि आकडे यंत्रात जायचे. मास्तर पानांकडे ढुंकूनही बघत नसत. डोळा फसतो, आकडा फसत नाही, असं वर्गात छातीठोकपणे सांगत.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. गोळीबारात माणसं गेली होती आणि सरकारचे वाभाडे काढणारं एक हस्तलिखित पत्रक गिरणगावात फिरत होतं. हे अक्षर कोणाचं, असं विचारत इन्स्पेक्टर ते घेऊन आला तेव्हा मास्तरांना, खरं सांगायचं तर, गुदगुल्याच झाल्या. पत्रक त्यांनी तसंच मदतनिसाकडे सरकवलं. दोन दिवसांनी यंत्राने नंबर काढला, सतरा. शेजारच्या खोलीतला राजाराम, गिरणीत माग चालवणारा साचेवाला. मास्तर जरा अडखळले, पण नाव दिलं.

राजारामला उचलल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याची बायको राधाबाई दारात उभी राहिली.

"मास्तर, तेंका लिवाक येना नाय. पगाराक आंगठो लावतत. तुमच्याम्होरा लाज वाटली, म्हणान तुमच्याच मीनाक्षीकडसून पान लिवन घेतल्यानी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीचा नाव घेव नको म्हणान माका बजावल्यानी हा."

मीनाक्षी त्यांची धाकटी बहीण. आत तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. मदतनिसाने कागदांसोबत परत दिलेलं पत्रक मास्तरांनी पहिल्यांदाच डोळ्यांसमोर धरलं. त्यातला 'ळ' त्यांनीच तिचा हात धरून पाटीवर गिरवून घेतला होता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

ते राधाबाईला घेऊन ठाण्यावर गेले. राजारामला लिहिता येत नाही, एवढंच म्हणाले. इन्स्पेक्टरने राजारामचा कबुलीजबाब पुढे केला. 'हे पत्रक मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.' खाली सहीच्या जागी निळा अंगठा होता.

मास्तरांनी मान वर केली. इन्स्पेक्टर त्यांच्याकडेच बघत होता.

"येत नाही ना? मग सतरा नंबरचं अक्षर कोणाचं, सर?"

राधाबाईही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"राजारामचंच," मास्तर म्हणाले.

 चाळीपर्यंत राधाबाई त्यांच्या मागून चालत आली.