न काढलेला फोटो

मित्रांनो, मी एक कॅमेरा आहे. आता जुना झालेला, रोल घालावा लागणारा. गोव्यातल्या एका महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येचा विभाग आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मी राहतो. राहतो म्हणायचं इतकंच, खरं म्हणजे पडलेला असतो.

माझा जन्म परदेशातला. बोटीने वास्कोला उतरलो आणि ह्या विभागात आलो. पहिल्या खंडेनवमीला मुलांनी माझ्यावर हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. यंत्रालाही इथे देव मानतात हे पाहून मला भरून आलं होतं.

दरवर्षी मुलं महिनाभर वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवारीला जात. इंटर्नशिप म्हणतात तिला. ज्याची पाळी त्याच्या गळ्यात मी. एका वर्षी मोरजीच्या वाळूतून समुद्राकडे धावणारी कासवाची पिल्लं मी टिपली. तो फोटो पहिल्या पानावर आला. सरांनी मला उचलून वर्गभर दाखवलं. फोटो काढणाऱ्या मुलाचं कौतुक झालं, थोडं माझ्याही वाट्याला आलं.

पुढच्या वर्षी मी आनंदीच्या गळ्यात आलो. आनंदी पार्से गावची, काजूच्या बागायतीतल्या घरातली, बोलायला हळू. तिला डिचोलीची कचेरी मिळाली. खाणी तेव्हा जोरात होत्या. लाल मातीने भरलेले ट्रक दिवसभर कचेरीसमोरून जात आणि माझ्या काचेवर धूळ बसे. आनंदी दर संध्याकाळी ती पदराच्या टोकाने पुसायची. इतकं हळू मला पुन्हा कोणी पुसलं नाही.

कचेरीचे मुख्य होते मधुकरबाब. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्या कचेरीत एक रीत होती. अपघातात कोणी गेलं की घरी फोटो मागायला शिकाऊ मुलांना धाडायचं. का, तर पोरासोरांना दारातून कोणी हाकलत नाही.

त्या सोमवारी सकाळी इस्पितळातून फोन आला. खाणीवर मातीचा ढीग कोसळला होता. सगुण नावाचा ट्रकचालक खाली सापडून जागीच गेला होता.

"आनंदी, ऊठ," मधुकरबाब म्हणाले. "त्याचा एक फोटो आण आणि बायकोचा एक काढ. रडतानाचा मिळाला तर बघ. रोल आहे ना पुरेसा?"

"आहे, सर."

घरी कळवलंय का, हे कोणी विचारलं नाही. पोलिसांनी कळवलं असेल असं कचेरीला वाटलं. खाणवाल्यांनी कळवलं असेल असं पोलिसांना वाटलं असावं.

भाड्याच्या मोटारसायकलवर, पायलटच्या म्हणजे ती चालवणाऱ्याच्या मागे बसून आम्ही त्या वाडीत पोचलो. खाणीवर कामाला आलेल्या सिंधुदुर्गातल्या माणसांची ती घरं. अंगणात रडारड असेल म्हणून आनंदी पदर सावरून तयारीत होती. पण अंगणात तुळशीपुढे उदबत्ती जळत होती आणि एक बाई हसत पुढे आली. केस ओले, कपाळावर ताजं कुंकू, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. ती सगुणची बायको, चंद्रावती.

"कोण गो तू? खंयसून इलंस?"

"पार्श्याची. पेपरातून इलंय. काकांचो फोटो होयो होतो."

"हेंचो?" चंद्रावतीचा चेहरा उजळला. "सेफ्टीचा बक्षीस गावला काय? गेल्या साली थोडक्यात चुकला हेंचा! बस, बस. घेवन येतंय."

ती आत गेली. हिला कोणी कळवलंच नव्हतं. आनंदीने मला पदराखाली झाकलं.

आत शेजारीण प्रभावती दोन्ही मुलांना पेज भरवत होती. भरवत कसली, कोंबत होती. वेळ तर जेवणाची नव्हती. दारापाशी येऊन ती आनंदीच्या कानाशी कुजबुजली, "पुरुष माणसां इस्पितळात गेलीत. तोंडातून शब्द काढू नको. पोरांची पोटां भरूंदेत. मगे ह्या घरात चूल पेटाची नाय."

आनंदीला ही रीत ठाऊक होती. घरात मरण आलं की चूल विझते, म्हणून बातमी थोडी अडवून आधी घरच्यांच्या पोटात दोन घास घालतात. पार्श्यालाही तसंच करतात.

"चंद्रे, तू पण खा गो," प्रभावती ओरडली.

"गे, खुळा लागला काय तुका? आज सोमवार मां! उपास हेंच्यासाठीच धरलंय. रातीक सोडतलंय."

प्रभावतीने भिंतीकडे वळून पदर तोंडात धरला.

चंद्रावती लग्नातला फोटो घेऊन आली. काचेत मढवलेला, एकुलता एक. तो तिने आनंदीच्या मांडीवर ठेवला आणि समोर उभी राहिली. "आता माझो पण काढ. हेंच्या बाजूक छापा म्हण सायबाक."

आनंदीने मला डोळ्याला लावलं. मित्रांनो, माझ्या काचेतून मी पुष्कळ माणसं हसताना पाहिली आहेत. तसं हसणं देवाने मला पुन्हा दाखवू नये.

बोट कळीवर होतं. मग मी खाली आलो.

"रोल संपलो, काकी," आनंदी म्हणाली. माझ्या पोटात जवळजवळ अख्खा रोल होता.

"अगो बाये! इतक्या लांब इलंस आणि रोल नाय? बरी पेपरवाली तू!" चंद्रावती खळखळून हसली.

"काकी, माका भूक लागली. पण एकट्यान खावचा बरां दिसणा नाय. उपासाक केळा चलता. तुमी माझ्यावांगडा खावा."

पाहुणी म्हणजे देव. सोमवारच्या दिवशी तिला नाही कसं म्हणणार? चंद्रावतीने घड उतरवला. दोन केळी आणि पेलाभर दूध तिच्या पोटात गेलं. तेवढ्यात उतरणीवर इस्पितळातून परतणाऱ्या जीपचा आवाज आला. आनंदीने लग्नाचा फोटो हलकेच प्रभावतीच्या हातात दिला.

पुढचं मी सांगत नाही.

कचेरीत मधुकरबाब भडकले. "रोल संपला? काल तर घातलास! बातमीदार व्हायचंय की भजनी मंडळात जायचंय?" त्यांनी दुसरा माणूस पाठवला. दुसऱ्या दिवशी चंद्रावती पेपरात होती, केस सुटलेली, तोंड उघडं. आणि आनंदीच्या उमेदवारीच्या प्रमाणपत्रावर शेरा आला, 'सांगितलेले काम करीत नाही.' त्या शेऱ्यामुळे तिचं वर्ष गेलं. पुन्हा ती त्या वर्गात दिसली नाही.

मला परत करायच्या आधी, बाराव्याला, ती चंद्रावतीकडे गेली होती. चंद्रावतीचं कपाळ पांढरं, आवाज बसलेला.

"तुका म्हायत होतां मां, बाये?"

आनंदीने होय म्हणून मान हलवली.

"हेंचो जीव गेल्लो आणि मी हयसर बसान केळा खाय होतंय." तिने आनंदीपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. "पण तो फोटो काढूक नाय तुयां, तां बरां केलंस. त्या टायमाक मी हसत होतंय."

मित्रांनो, आता कॅमेरे तुमच्या खिशात असतात आणि मरणाची बातमी माणसाच्या आधी घरात शिरते. मला पुसा, पुन्हा पूजा करा, असं मागणं मी मागत नाही. तुमच्यातलं कोणी उद्या उमेदवारीला जाईल, अशाच एखाद्या दारात उभं राहील. आधी शेजारच्या घरी विचारा, आत कळलंय का? कळलं नसेल, तर अंगणाबाहेर थांबा. पेपर परवाही निघेल. आत कोणीतरी अजून जेवत असेल.