हरीच्या अंगणातलं गाऱ्हाणं

डॉक्टरवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. आयुष्यभर चिरेखाणीवर ट्रक भरले, मानेतली गादी सरकून शिरेवर बसली, बोटं बधिर व्हायला लागली. मुंबईला नेऊन गळ्याच्या पुढनं ऑपरेशन केलं, मणक्याला पट्टी बसवली. हात सुधारला आणि आवाज गेला. आवाजाची नस तिथनंच जाते, दुखावली तर आवाज बसेल, बहुतेकांचा परत येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझा नाही आला. वर्ष उलटून गेलं, तोंड उघडलं की नुसता वारा बाहेर पडतो, अगदी जवळ उभं राहिलं तरच शब्द कळतो.

पाणी प्यायचं तर हनुवटी छातीला टेकवून गिळायचं, नाहीतर ठसका लागून डोळे पांढरे होतात. मागनं कोणी हाक मारली की मान वळत नाही, अख्खा माणूस फिरवावा लागतो. दर्शना, माझी बायको, पेजसुद्धा घट्ट करून देते. हे सगळं मी सोसलं असतं. पण हरीला मी सोडणार नव्हतो.

हरी म्हणजे हरिश्चंद्र, माझा धाकटा चुलतभाऊ. हातखंब्याला त्याचं हॉटेल आहे. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवाची पालखी घरोघर येते आणि प्रत्येक अंगणात त्या घरासाठी गाऱ्हाणं घालतात. लेकराबाळांना सुखी ठेव, चुकलंमाकलं पदरात घे, असं एकेक मागणं देवापुढे मोठ्याने मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला गावाने ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. बापाच्या मागनं तो मान माझा. माझा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा. माझी शाळा चौथीत सुटली, जमीन म्हणाल तर सगळा कातळ. गाव मला ओळखत होतं ते त्या गाऱ्हाण्यामुळे.

गेल्या शिमग्याला माझ्या गळ्यात पट्टा होता, म्हणून एका सालापुरतं हरीने घातलं. यंदा देवळात बैठक बसली तेव्हा मी म्हटलं, हळू का होईना, मीच घालतो. तर हा चारचौघांत म्हणाला, “दादा, तुझं गाऱ्हाणं ऐकायला देवाला मोबाईल कानाला लावायला लागंल. तू आपली घरात बसून पेज पी.” सगळे हसले. मी उत्तर द्यायला गेलो तर ठसका लागला, आणि तो थांबेपर्यंत मान हरीला देऊन झाला होता.

मुडदा बशिवला त्याचा. हॉटेलात गिऱ्हाइकांपुढे माझ्यासारखं फुसफुसत बोलून दाखवतो, हेही लोकांनी घरी येऊन सांगितलं. दर्शना म्हणाली, “सोडा हो. देव बघून घेईल.” मी म्हटलं, देवाला एकट्याला कशाला कामाला लावायचं.

कारण एक गोष्ट हरी विसरला होता. आपल्याच घराचं गाऱ्हाणं आपण घालायचं नसतं. घरधन्याने हात जोडून उभं राहायचं, गाऱ्हाणं दुसऱ्या मानकऱ्याने घालायचं. आणि मानकऱ्यांची घरं गावात दोनच, त्याचं आणि माझं. गेल्या साली त्याच्या घराचं बांधकाम चालू होतं, अंगणभर खडी, म्हणून पालखी तिकडे गेलीच नव्हती. बैठकीत हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसलो.

पालखी आधी आमच्याकडे आली. दर्शनाने ओटी भरली. हरीने गाऱ्हाणं घातलं आणि “माझ्या दादाला वाचा दे रे महाराजा” हे इतकं लांबण लावून म्हटलं, की मागे पोरं फिदीफिदी हसली. दर्शनाच्या डोळ्यात पाणी आलं. ते बघितलं आणि माझ्या मनात जे थोडंफार मागेपुढे होत होतं तेही संपलं.

दुपारी पालखी हरीच्या दारात गेली. नवं घर, अंगणात मांडव, त्याच्या पोरीचं, शमिकाचं लग्न ठरलेलं, व्याही मुद्दाम बोलावलेले. ढोल थांबले. हरी सवयीने पुढे होऊन घसा साफ करायला लागला, तेवढ्यात आत्माराम गुरवाने त्याचा हात धरला.

“तुझ्या घराचं तू कसं घालशील? काशीरामला बोलव.”

हरीचं तोंड बघण्यासारखं झालं. व्याह्यांपुढे पालखी गाऱ्हाण्याविना उठवणार कशी? आला माझ्यापाशी. “दादा, घाल की. माझ्या पोरीसाठी घाल.”

गेलो. हरी हात जोडून माझ्या अगदी जवळ उभा राहिला, धन्याची जागाच ती. आत्मारामला खुणेने सांगितलं, मी हात खाली केला की साथ द्यायची. सगळं गाव गप्प झालं, तरी माझा शब्द हरीच्या पलीकडे जात नव्हता.

“या घरातल्या शमिकाला सुखी ठेव,” मी म्हटलं, कारण पोरीने माझं काही वाकडं केलं नव्हतं. हात खाली केला. गाव गरजलं, “व्हय महाराजा.”

“ह्या हरीने माझा मान घेतला, माझं हसं केलं. त्याच्या गळ्यातला आवाज काढून घे.”

“व्हय महाराजा.”

हरीने झटकन वर बघितलं.

“त्याला पाण्याच्या घोटाला ठसका लागू दे. भरल्या बैठकीत त्याला शब्द फुटू देऊ नको, आणि लोकांना हसू दे.”

“व्हय महाराजा,” गाव म्हणालं. त्याची बायको म्हणाली, व्याही म्हणाले, शमिकाही हात जोडून म्हणाली.

गाव म्हणून झालं, तरी घरधन्याने म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आत्माराम म्हणाला, “हरी, म्हण की.” हरी माझ्याकडे बघत होता. नाही म्हणायचं तर का ते सांगायला हवं होतं, व्याह्यांपुढे, देवापुढे.

त्याने ओठ हलवले. “व्हय महाराजा,” तो म्हणाला, पण ते फक्त मलाच ऐकू आलं.