वाचून व समजावून दिला

मित्रांनो, मी लाकडी मुठीचा एक जुना रबरी शिक्का आहे. डहाणूत कोर्टाजवळ एका नोटरीच्या टेबलावर मी राहतो. माझ्या अंगावर कोरलंय, ‘मजकूर वाचून व समजावून दिला. माझ्यासमोर शपथेवर सांगितले.’ शपथपत्राच्या शेवटच्या या ओळींना जुने वकील ‘ज्युरॅट’ म्हणतात. शपथ कुणी घेतली आणि कुणासमोर घेतली, याची मी ग्वाही देतो.

म्हातारे साहेब प्रत्येक कागद मोठ्याने वाचत, समोरच्याच्या बोलीत समजावत आणि त्याच्याकडून वदवून घेत. मगच मला शाई लागे. त्यांच्या हातात मला फार मान होता. पुढे त्यांचा मुलगा भाविक नोटरी झाला. तो मला सकाळीच कोऱ्या कागदांवर उमटवून ठेवू लागला. तेव्हापासून मला भीती वाटते.

गेल्या महिन्यात तलासरीकडच्या पाड्यावरून विधवा जानी आली. सोबत दीर प्रविण होता. रेशनकार्डाचा कागद आहे, असं त्याने तिला सांगितलं होतं. कागदात मात्र लिहिलं होतं की नवऱ्याच्या वाडीवर तिचा हक्क नाही. तिच्याकडे शपथ तांदळावर घेतात. तिने पदराची गाठ सोडून मूठभर तांदूळ घेतले आणि कुणी वाचेल म्हणून उभी राहिली. प्रविणने तिच्या दुसऱ्या हाताचा अंगठा उमटवला. मी कागदावर आधीच होतो. भाविकने मोबाईलमधून मान वर न काढता सही केली.

“वाचला नाय अजून,” जानी म्हणाली. प्रविण कागद घेऊन निघूनही गेला होता. तिने तांदूळ परत पदरात बांधले.

काल ती लेकीला घेऊन आली. चिमी वाणगावला कॉलेजात शिकते. प्रविणने तहसीलात दिलेल्या त्या कागदाची नक्कल तिने वाचली, शेवटी मलाही वाचलं. मला लाज वाटली. जानीने तेच तांदूळ टेबलावर ठेवले.

“मला वाचून दाखवला, असा यावर हात ठेवून बोल.”

भाविकने तांदळाकडे पाहिलं. त्याने हात पुढे केला नाही. मायलेकी निघून गेल्या.

सोमवारी तहसीलात वाडीच्या हक्काची सुनावणी आहे. तिथे जानीविरुद्ध मीच बोलणार, आणि मला दुसरं वाक्य येत नाही. मित्रांनो, वाचल्याशिवाय मला कुठे उमटू देऊ नका.

तांदूळ अजून टेबलावरच आहेत. भाविकने आज सकाळी ते न हलवता, बाजूच्या जागेत मला उमटवायला कोरे कागद मांडले.