गौतोसची वीतभर जागा

मी आयुष्यभर थापा मारल्या. काळ्या दगडातून गोड पाण्याचा झरा फोडला म्हणालो, तेव्हा अर्धं गाव घागरी घेऊन आलं होतं. पण एक गोष्ट खरी. गौतोस गवंडी ज्या परांचीवरून पडून मेला, तिचा दोर मी बांधला होता. हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शिपाई असताना ख्रिस्तासाठी मेलेल्या हुतात्मा लिओन्तियोसचं देऊळ तेव्हा छतापर्यंत आलं होतं. गौतोस गेल्यावर आठ दिवसांनी त्याच्या बायकोनं, मावीयानं, मला खाणीवर गाठलं; गावचा पाथरवट मी, अक्षरंही मीच कोरायचो.

"तात्या, दारावरच्या शिळेत ह्यांचं नाव घाला."

सणाच्या दिवशी पाळक ती शिळा मोठ्यानं वाचतात आणि तिच्यावरच्या नावांसाठी सगळं गाव गुडघे टेकतं. दरवर्षी, देऊळ उभं आहे तोवर.

मी मासालेमोसला विचारलं. हा जुना शिपाईगडी, देवळाचा सगळा खर्च त्याचा.

"शिळा माझी," तो म्हणाला. "तीन विती. नाव, बापाचं नाव आणि पलटणीतले सगळे हुद्दे."

"आणि जो मेला त्याला काय, मालक?"

"त्याला स्वर्ग आहे की. तिथं काय दाटी झालीय?"

शिळेवरची भाषा ग्रीक. ती गावात मला एकट्याला यायची. पाळक शहरातून सणालाच येणार. मासालेमोस आपला वितीनं मोजायचा. मी गेरूनं अक्षरं आखली, त्यानं वीत टाकली, "एक, दोन, तीन, बरोबर!" म्हणाला आणि गेला. त्यातल्या दोनच विती त्याच्या होत्या.

सणाला पाळकांनी मान वर करून वाचलं आणि आमच्या बोलीत सांगितलं, "हुतात्मा लिओन्तियोसचं हे देऊळ रब्बोसचा मुलगा मासालेमोस यानं स्वखर्चानं बांधलं. आणि गौतोस, जो बांधताना पडला."

मावीयानं भिंतीला हात टेकला.

"माझे हुद्दे कुठे गेले रे, थेरड्या?" मासालेमोस गरजला.

"मी कोरले होते, मालक. शिळा चढवली त्या पहाटे शिपाई वेषातला एक तरणा पुरुष तिच्यावरून हात फिरवत होता. म्हणाला, मीही पलटणीतलाच. तुझ्या मालकाचे हुद्दे वर जपून ठेवतो, आला की देईन. खाली ही जागा गवंड्याला हवी."

"ह्याच्या झऱ्याचं पाणी प्यालोय आम्ही," मागून कुणीतरी पुटपुटलं.

कुणी हसलं नाही. मी थापाड्या आहे हे मासालेमोसलाही ठाऊक होतं. पण हुतात्म्याच्या दारात, त्याच्याच सणाला, हे त्यानं केलंच नाही असं गावादेखत म्हणायचं कुणी? तो माझ्या कानाशी वाकला.

"वर नक्की मिळतील ना?"

"वीतभर जास्तच."

त्यानं टोपी काढली आणि गुडघे टेकले. मग सगळ्या गावानं.

माणसं जेवायला पांगल्यावर मावीया तेलाची वाटी घेऊन आली. मी शिडी लावली आणि दोन्ही हातांनी धरली. ती वर चढली. कुठलं अक्षर कुठं ते मी खालून सांगत होतो आणि ती प्रत्येक खाचेत बोटानं तेल भरत होती.

"तात्या," ती वरूनच म्हणाली, "दोर तुम्ही बांधला होता ना?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला थाप सुचली नाही.

"हो."

तिनं शेवटच्या अक्षरात तेल भरलं. मग ती सावकाश खाली उतरली.

"दरवर्षी शिडी तुम्हीच धरायची," ती म्हणाली.