सहा रव्यांची घोडी

कोल्हापुरात पैजेला कारण लागत नाही. फुटबॉलवर लागते, रश्शाच्या वाट्यांवर लागते, पावसाळ्यात नदीचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला टेकेल यावरही लागते. पण म्हसोबाच्या माळावरच्या गुळाच्या शर्यतीवर जी लागते, तिची सर दुसऱ्या कशाला नाही. पैसे लावायचे नाहीत हा जुना दंडक. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना मटणाचं जेवण घालायचं, तांबडा-पांढरा रस्सा ताटाशी उभं राहून वाढायचा आणि वाढताना तोंड वाकडं करायचं नाही. यातली शेवटची अट पाळताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

शर्यत अशी. माघात ऊसतोड जोरात असते, तेव्हा माळावर उसाच्या मोळ्या रचून पाच अडथळे उभे करतात आणि घोड्यांनी त्यांवरून उड्या मारत जायचं. आता सगळे घोडे मोकळ्या पाठीनं सोडले तर दरसाल तोच एक जातिवंत घोडा जिंकणार, मग पैजेत राम काय राहिला? म्हणून प्रत्येकाच्या खोगिराला गूळ बांधतात. दोन-दोन किलोच्या लहान ढेपा, त्यांना इथं रवे म्हणतात. दुबळ्या घोड्याला एक रवा, त्याहून तगड्याला दोन-तीन, आणि सगळ्यांत जोरकस असेल त्याला सहा. शर्यत संपली की ज्याच्या पाठीवर जेवढा गूळ, तेवढा त्याच्या पेठेत घरोघर वाटायचा. कुणाला किती रवे घालायचे ते ठरवतो तोलारी. आणि वीसेक वर्षं तोलारी एकच होता, शिवाजी पेठेतला पिराजी.

पिराजीचा सगळा जन्म गूळ बाजारात काट्याशेजारी गेला. ढेप हातात घेतली की वजन सांगायचा आणि काटा मागाहून त्याच्या हो ला हो करायचा. घोड्याचंही तसंच. भोवती एक चक्कर मारायची, छातीवर हात ठेवायचा, मागच्या मांड्या दाबून बघायच्या आणि मुकाट्यानं रवे खोगिरात सारायचे. सगळ्या घोड्यांची तोंडं एकदम रेषेवर यावीत, हे त्याचं एकच स्वप्न होतं. ते कधी पुरं झालं नव्हतं, पण त्याच्या हातानं कुणाला झुकतं माप दिलं असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

माणूस सोन्यासारखा, पण कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. बायको विठाबाई म्हणायची, "ह्यांच्या तोंडातनं चांगला शब्द काढायचा म्हंजी दगडाला पाझर फोडायचा." त्यांची एकुलती एक पोर तेजस्वी दूध संस्थेत नोकरीला लागली, पेढे घेऊन बापाच्या पाया पडली, तेव्हा पिराजी म्हणाला, "येळंवर जात जा." पोरगी हसली खरी, पण डोळ्यांतलं काहीतरी विझलं ते विठाबाईनं बघितलं.

त्याच तेजस्वीनं मंगळवार पेठेतल्या एका बँडवाल्याची घोडी घेतली. साखरी तिचं नाव. वरातीची घोडी. नवरदेव पाठीवर घेऊन बँडपुढं हळूहळू नाचणं एवढाच काय तो तिचा पराक्रम. तेजस्वी रोज पहाटे तिला नदीकाठी नेऊन ओढ्यावरून उड्या मारायला शिकवत होती. आणि एके दिवशी तिनं शर्यतीत नाव घातलं. त्या माळावर आजवर पोरीची जात घोड्यावर बसली नव्हती.

पिराजी काही बोलला नाही. त्याचा उजवा पाय मात्र बोलला. तरुणपणी याच शर्यतीत तिसऱ्या अडथळ्यावर तो घोड्यासकट कोसळला होता आणि तेव्हापासून लंगडत होता.

शर्यतीच्या आदल्या दुपारी तालमीसमोर घोडे उभे राहिले. ही वेळ मोठी गमतीची. पैजा लावणाऱ्यांचे डोळे घोड्यांवर नसतात, तोलाऱ्याच्या हातावर असतात. चहाच्या गाड्यावरच्या आण्णानं तर या शर्यतीचा सगळा इतिहास तोंडपाठ करून ठेवलेला. "सहा रव्याचा घोडा आजपातुर पयला आला न्हाय," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "येतोय तो तीन-चारवाला. नदीकाठचं घोडं असंल तर सोन्याहून पिवळं. आनि वरातीच्या घोडीवर पैज लावणाऱ्या माणसानं माझ्या गाड्यावर चा प्यायला येऊ नये."

मंगळवार पेठेच्या सुलतानला पिराजीनं पाच रवे घातले. त्याच पेठेतल्या विश्वजित नावाच्या स्वाराचा हा घोडा दोन वर्षांपूर्वीचा विजेता, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. शेवटी तो साखरीपाशी आला. छातीवर हात ठेवला, मांड्या दाबल्या. हात म्हणाला, चार. चार रवे त्यानं खोगिरात सारले आणि वर बघितलं. तेजस्वी लगाम धरून बसली होती. लगाम धरलेले तिचे हात त्याला एकाएकी फार लहान दिसले. ही त्याच तिसऱ्या अडथळ्यावर जाणार. वजन वाढवलं तर घोडी दमेल, पोरगी ओळखेल की आज आपलं काम नाही, आणि मागं मागं राहून सुखरूप घरी येईल. एवढाच विचार. त्यानं पाचवा रवा उचलला. मग सहावा.

तालमीसमोर एकदम कालवा उठला.

"सहा! पिराजीनं पोरीच्या घोडीला सहा घातलं!"

"अरं, मग घोडी तशी आसंल की! पिराजीचा हात खोटं बोलंल व्हय?"

म्हसोबाच्या पुजाऱ्यानं साखरीच्या कपाळाला गुलाल लावला. गुलाल लागला की रवा कमी-जास्त करता येत नाही. फार तर घोडं मागं घेता येतं. आणि पैजांचं वारं बघता बघता फिरलं. त्या दिवशी सकाळपर्यंत सुलतानवर जेवणं लावणारी शिवाजी पेठेतली सगळी पोरं साखरीकडं वळली. आण्णा काही वेळ डोकं खाजवत बसला, मग उठला आणि स्वतःचा सगळा इतिहास गुंडाळून त्यानंही साखरीवर जेवण लावलं.

पिराजीला या कशाचं काही नव्हतं. त्याला दिसला तो पोरीचा चेहरा. तेजस्वी खाली उतरली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले, आणि हसू तर आवरता आवरत नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "एवढं वाटतंय तुमाला माझ्याबद्दल? कधी बोलला न्हाईसा ते!"

ज्या शब्दासाठी पोरगी जन्मभर थांबली होती, तो तिला मिळाला होता आणि तो खोटा होता. पिराजीनं नुसती मान हलवली.

संध्याकाळी जेवताना त्यानं भाकरी नुसती कुस्करून ठेवली. तेजस्वी घोडीला पाणी दाखवायला बाहेर गेली तेव्हा विठाबाई हळूच म्हणाली, "तुमचा हात चारावर थांबलता. मी बघत हुते."

"भ्यालो गं मी."

"मग सांगा तिला."

"सांगितलं तर घोडी मागं घील. आनि जलमभर माझ्या शब्दावर इस्वास ठेवायची न्हाय."

"आनि न्हाय सांगितलं तर?" विठाबाईनं विचारलं. पिराजी करायला गेला एक आणि झालं भलतंच. मागं राहावी म्हणून वजन घातलं, आणि त्याच वजनाच्या आनंदात ती आता जिंकायलाच धावणार होती, बारा किलो गूळ पाठीवर घेऊन त्या अडथळ्यावर.

सकाळी माळावर जत्रा भरली. भेळेचे गाडे, रसवंत्या, हलगीचा कडकडाट. बाकीचे घोडे हलगीनं बिथरत होते. साखरी मात्र निवांत होती, आवाजात तर तिचा जन्म गेला होता. पिराजी सांगायचंच असं ठरवून लंगडत पोरीकडं गेला. पण तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. शेवटी तोंडातून आलं ते वेगळंच.

"तिसऱ्याच्या आधी उतार हाय. तितं घोडीला आवरू नगं. लगाम सैल सोड, तिचं तिला उडू दे." तो थांबला. "मी भ्यालतो तितं. ओढला लगाम. म्हून पडलो."

तेजस्वी त्याच्याकडं बघतच राहिली. घोडा ठेचकाळला आणि बाप पडला, एवढंच तिनं लहानपणापासून ऐकलं होतं.

"सोडीन सैल," ती म्हणाली.

सगळे घोडे सुटले. पहिल्या दोन अडथळ्यांवर साखरी मागंच होती, चौथी का पाचवी. मग उतार आला. पिराजीनं डोळे मिटले. वीस वर्षं शर्यत तोलणारा माणूस, पण पोरीची उडी त्याच्यानं बघवली नाही. त्यानं विठाबाईचा हात घट्ट धरला आणि नुसता कान दिला. टापांचा आवाज आला, उसाची पानं खसखसली, क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि मग टापा पुन्हा जमिनीवर पडल्या.

"गेली," विठाबाई म्हणाली. "गेली की ओ पलीकडं!"

त्यानं डोळे उघडले. साखरी चौथ्यावर तिसरी होती, पाचव्यावर दुसरी. शेवटच्या सपाटीला सुलतान पुढं आणि साखरी त्याच्या खोगिराशी, मग खांद्याशी. माळ नुसता बेंबीच्या देठापासून ओरडत होता. रेषेवर सुलतानचं तोंड आधी आलं. साखरी मानभर मागं राहिली.

सहा रव्यांचा घोडा यंदाही पहिला आला नाही. आण्णानं कपाळावर हात मारला. "इतिहास ठावं असून गाढवपणा केला मी!" असं म्हणत तो मटणाची तजवीज करायला निघाला, पण त्याचं तोंड काही वाकडं दिसत नव्हतं.

तेजस्वी घोडीचं खोगीर उतरवून, मोडक्या मोळीवर बसून ऊस सोलत होती. पिराजी तिच्यासमोर आला. त्यानं खोगिरातले सहाही रवे काढले, चार एका बाजूला ठेवले आणि दोन हातात धरले.

"तेजू, हे दोन घोडीचं न्हवतं. माझ्या हातानं चारच सांगितलतं. हे मी भ्यापोटी घातलं. तू मागं ऱ्हावीस म्हून."

तिच्या हातातला ऊस तसाच राहिला.

"म्हंजी काल तुमाला तसं वाटत न्हवतं?"

"न्हवतं."

तिनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना दिसले. तरी पिराजी हलला नाही. पाय दुखत होता, तसाच तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"पुरं ऐक. तोल म्हंजी काय? सगळी एका रेघंवर याय पायजेत. सुलतान पाच घिऊन आला, तू सहा घिऊन मानभर मागं. एवढा नेमका तोल माझ्याच्यानं कधी झाला न्हाय. हात चुकला हुता, पोरी. मी तुला चाराची समजत हुतो. तू सहाची हायेस."

तेजस्वीनं वळून बघितलं. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. तिनं बापाच्या हातातला एक रवा घेतला, दगडावर आपटून फोडला, एक खडा साखरीला दिला आणि दुसरा बापाच्या तोंडात घातला.

"आता म्हणा परत," ती म्हणाली.

तोंडात गूळ असतानाच पिराजीनं ते परत म्हटलं.

त्या दुपारी शिवाजी पेठेत गूळ वाटायला तालमीची पोरं निघाली, तेव्हा पिराजीनं ताट कुणाच्या हातात दिलं नाही. लंगडत लंगडत तो स्वतः दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्याशी थांबून, कुणी विचारलं नाही तरी, मोठ्यानं सांगत होता, "घ्या. माझ्या पोरीचा गूळ हाय."