बोटभर लांब बाही

कोऱ्या कापडाची खळ पाण्यात उतरते तेव्हा एक पिठूळ, ओलसर वास सुटतो. तो आला की मला चाकूरची सोनाआत्या आठवते, माझ्या वडिलांची थोरली बहीण. भिजवल्याशिवाय ती कापड कधी बेतत नसे. आटायचं ते कात्री लागण्याआधीच आटू द्यावं, म्हणजे अंगावर चढल्यावर कापड दगा देत नाही, असं तिचं म्हणणं. माणसांना असं आधी भिजवून पाहायची सोय नाही, याची खंत तिच्या चेहऱ्यावर असे, बोलण्यात नसे.

मापाला तिच्याकडे टेप नव्हता. पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक मानेच्या मणक्यावर टेकवून ती दुसरं खाली सोडी आणि छाती, बाही, उंची अशा गाठी मारत जाई. तिच्या थंड बोटांचा तो क्षणभराचा स्पर्श हीच तिची माया. जवळ घेणं वगैरे तिला जमत नसे. घरातल्या प्रत्येकाचा दोरा बिस्किटांच्या डब्यात ठेवलेला असे, नावाशिवाय. गाठींवरून बोट फिरवलं की तिला माणूस कळे.

लातूर जिल्हा झाला आणि तिचा एकुलता एक मुलगा, दिगंबरदादा, तिथल्या नव्या कचेरीत कारकून म्हणून लागला. कमानी उभ्या राहिल्या, हार आले, भाषणांतून पुष्कळ पाणी वाहिलं. चाकूरचे आड मात्र जुन्या जिल्ह्यात होते तितकेच नव्या जिल्ह्यातही कोरडे राहिले. दादा चार महिने घरी फिरकला नाही. मी लातूरला कॉलेजात होते, रविवारी एसटीने आत्याकडे जाई. एकदा पाहते तर दिवसाकाठी मिळणाऱ्या दोन घागरींतली अर्धी घागर पातेल्यात, आणि पातेल्यात दादाच्या सदऱ्याचं कापड.

"आत्या, प्यायला पुरंना अन् तू कापड भिजवायलीस?"

"सायबलोकांत बसतोय त्यो. अंगावर आटलं तर हसतील की. मी पिते कमी."

उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत तिचं हातमशीन किरकिरत राहिलं. सदऱ्याची घडी घालताना माझ्या लक्षात आलं, दोन्ही बाह्या बोटभर लांब होत्या. आयुष्यात जिचं माप कधी चुकलं नाही, तिच्या हातून.

"आत्या, बाह्या लांब झाल्यात."

"हाव." तिनं दोरा दातानं तोडला. "म्हणावं, यिऊन बसवून घे. लई काम न्हाई, घडीभराचं हाय."

कचेरीतून निघणाऱ्या कुठल्याही कागदापेक्षा ते बोलावणं स्पष्ट होतं. त्यावर शिक्का नव्हता, एवढंच.

निरोप मी शब्दाला शब्द दिला. दादानं सदरा घालून पाहिला आणि मायेनं हसला. "म्हातारीचा हात चुकाया लागला गं सुमे. तिला कशाला परत डोळे फोडाया लावायचे?" कचेरीसमोरच्या शिंप्यानं संध्याकाळपर्यंत काम करून दिलं.

दिवाळीला तो आला, अर्ध्या दिवसासाठी, तोच सदरा घालून. आत्यानं तांब्या पुढं केला तेव्हा तिची नजर त्याच्या मनगटावर होती. बाही हाडावर अचूक थांबली होती. तिनं काठ हळूच उलटून पाहिला. आतली टीप परकी होती, दोरा किंचित पिवळा.

"बरा बसलाय," ती म्हणाली.

खिडकीत सकाळपासून ओवून ठेवलेली सुई होती. तिनं दोरा काढला, रिळाला परत गुंडाळला आणि भाकरी थापायला बसली.

आत्या गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. गाठींची भाषा मला येत नाही, दादाचा दोरा कुठला ते सांगता येत नाही. सगळ्यांत आखूड आहे तो माझा, एवढं मात्र ठाऊक आहे. अंग वाढलं, वाकलं. गाठी जिथल्या तिथे आहेत. कधी तो दोरा स्वतःला लावून पाहते, पण मानेच्या मणक्यावर ते टोक आपल्या हातानं नीट टेकत नाही. तिथे दुसऱ्या कुणाची तरी थंड बोटं लागतात.